मागच्या सीटखालची पाल

राजेसाहेब विलीन झाले आणि त्यांची गाडी बुऱ्हाणपुरात आली.

झालं असं, की माळव्यातलं एक इटुकलं संस्थान देशात सामील झालं. इतकं इटुकलं, की राजेसाहेब सकाळी फिरायला निघून जरा विचारात पडले की परमुलखात जात. वरून साहेबलोक आले. त्यांनी कचेरी घेतली, तिजोरी घेतली, तोफ घेतली. तोफ चालत नव्हती, तरी घेतली. गाडीही चालत नव्हती, पण ती घेतली नाही. तिचा लिलाव पुकारला. मोतीलालमामा कापसाचे दलाल. ते त्या गावी सरकीच्या सौद्यासाठी गेले होते. मांडवातून पुकारा ऐकू आला, "जुना विलायती माल, बंद खोलीतला, ओल न लागलेला." मामांना वाटलं, विलायती कापूस. त्यांनी बाहेरूनच बोली लावली आणि आत जाऊन माल पाहिला, तर त्याला चार चाकं होती.

दलालाचा शब्द म्हणजे शब्द. मामांनी माल उचलला.

गाडी अठ्ठावीस सालची. दिवे परातीएवढे, मागच्या सीटला राणीसाहेबांसाठी मखमली पडदे, आणि भोंगा असा, की दाबला तर रस्त्यातली म्हातारी माणसं पागोटं सावरून उभी राहत.

ती चालवायला घेतली नंदकुमारने. नंदू हा मामांचा भाचा. लहानपणापासून लोधीपुऱ्यात मामांच्याच घरी वाढलेला, वय तेवीस, इंदूरचं कॉलेज पाहून आलेला. पाहून म्हणजे पाहूनच. त्याच्या अंगी एक गुण होता: त्याला कशाची शंका येत नसे. शंकेची पाल म्हणतात तो प्राणी त्याच्या मनाच्या भिंतीवर कधी चढलाच नव्हता. गाडी पाहिल्या पाहिल्या तो म्हणाला, "ही चालेल." ती चालली. मग म्हणाला, "ही पळेल." ती पळाली. फक्त ऊन तापलं की थांबायची. आणि बुऱ्हाणपुरात ऊन तापायला काही निमित्त लागत नाही.

दुखणं साधं होतं. पेट्रोलची टाकी गाडीच्या शेपटाशी, इंजिन तोंडाशी. इंजिनाचा जुना पंप पुढे बसून लांबलचक नळीतून पेट्रोल ओढून घ्यायचा, म्हाताऱ्याने नळीने सरबत ओढावं तसं. ऊन तापलं की नळीतल्या नळीत पेट्रोल उकळायचं, त्याची वाफ व्हायची, आणि म्हाताऱ्याच्या तोंडात नुसती हवा.

नंदूने आधी घरगुती उपाय केला. नळीला केळीचं ओलं सोपट गुंडाळलं. उपाय नामी होता. गाडी लालबागच्या फाटकापर्यंत थंडगार गेली. फाटक बंद होतं. तिथे एका बकरीने गाडीखाली मान घालून सगळं सोपट खाल्लं. फाटक उघडलं तेव्हा आगगाडी गेली, बकरी गेली, गाडी राहिली. त्या दिवशी गाडीत मामा होते. त्यांना टांग्याने घरी यावं लागलं, आणि टांगेवाला वाटभर राजेसाहेबांची खुशाली विचारत होता.

दुसऱ्याच दिवशी कौतिक आला. कौतिक तुकईथडचा शेतकरी, मामांना दरसाल कापूस घालणारा. यंदा त्याने केळी लावायचं मनावर घेतलं होतं, आणि मोटेच्या बैलांनी त्या विचाराला पाठिंबा दिला नव्हता. त्याने गाडीचं झाकण उघडून इंजिनाकडे असं बघितलं, जसं पाहुणे मुलीकडे बघतात.

"शेठ, हे इंजिन माह्या विहिरीवर बसवून द्या. तापी उपसून टाकतो."

"आणि उरलेली गाडी?" मामांनी विचारलं.

"तिच्यात कोंबड्या बसतील ना. पडदे पन आहेत."

मामांना हा विचार आवडला.  गाडी गेली तर आपणही गेलो, हे नंदूला मात्र स्पष्ट दिसत होतं. मग उद्यापासून मामांच्या गादीवर बसायचं आणि बोटांच्या चिमटीत कापूस ओढून त्याचा धागा किती लांब ते सांगायचं. जन्मभर.

"मामा, गाडीत काही खोट नाही," तो म्हणाला. "एक जोडपंप लावतो. विजेवर चालणारा. जुना पंप पुढून ओढेल, नवा मागून ढकलेल. वाफेची काय टाप? गारंटी देतो."

"तुझी गारंटी बकरीने खाल्ली," मामा म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी सौदा ठरवला. "हे बघ. जिजीला इच्छापूरला नवस फेडायला जायचंय. देवीचा वार मंगळवार, आणि जायचं भर उन्हात. गाडी तिला घेऊन जाऊन परत आली, तर तुझी. वाटेत आपणहून थांबली, तर कौतिकची. आणि हे सगळं आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आत."

'आपणहून' हा शब्द मामांनी तोलून टाकला होता. वाटेत म्हैस आडवी आली म्हणून गाडी थांबली, तर भाच्याने गळा काढू नये, एवढाच त्यांचा हेतू. दलालांच्या तोंडून एखादा शब्द जास्त निघाला तर तो पुढे कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.

जिजी म्हणजे मामांची थोरली बहीण, भागाबाई. नंदूची मावशी. ऐन उमेदीत विधवा होऊन भावाकडे आल्या आणि तेव्हापासून घर त्यांच्या शब्दावर चाले. गेल्या साली मामा विषमज्वराने आजारी पडले तेव्हा त्यांनी इच्छादेवीला दुहेरी नवस बोलला होता: भाऊ उठून बसला तर मी खणानारळाने तुझी ओटी भरीन, आणि तो जन्मभर तंबाखू सोडील. मामांना हे बरे झाल्यावर कळलं.

नंदू भुसावळला गेला. लढाई संपल्यापासून तिथल्या जुन्या बाजारात लष्कराचा उरलासुरला माल येई: बूट, तंबू, एका पायाचे मोजे. त्या ढिगात त्याला हवा तो पंप मिळाला. पितळी, पेल्याएवढा, जड.

तो बसवायला नंदूने चार संध्याकाळी घेतल्या. पेट्रोल ढकलायचं तर पंप टाकीजवळ आणि टाकीच्या खालच्या अंगाला हवा. मागच्या सीटखाली हत्यारं ठेवायची लाकडी पेटी होती; तिच्यात पंप अगदी मापाचा बसला. टाकीची नळी कापून मध्ये पंप जोडला, सांध्यांना कपड्यांचा साबण चोपडला, कारण साबण पेट्रोलने विरघळत नाही. बॅटरीची तार ओढून बटण चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी आणलं. पहिल्याच दणक्याला पंपाने इतकं पेट्रोल ढकललं, की पुढे इंजिनाजवळच्या, पेट्रोल साठायच्या वाटीतून ते बदाबदा सांडलं. नंदूने पंपाची स्प्रिंग ढिली केली. मग सांडणं थांबलं; वाटीच्या सुईतून थेंब थेंब गळत राहिलं, तेवढं त्याने मनावर घेतलं नाही. पंप चालायचा तसा: वाटी रिकामी असली की चुक् चुक् चुक् करत भरायचा, भरली की गप्प.

कौतिक मधून मधून येऊन डोकावून जाई.

"नंदूभाऊ, पंप बसवून राह्यले म्हने."

"हो, झालाच."

"मग काढू नका. मी तसाच नेतो."

"कौतिकदादा, मी गाडीला पंप बसवतोय. गाडीचा पंप नाही करत."

"फरक काय त्याच्यात?"

"एका अक्षराचा. पण त्या अक्षरावर गाडी उभी आहे."

कौतिकने वाकून गाडीच्या खाली पाहिलं.

मंगळवार उजाडला. दाराशी गाडी उभी. मावशी नऊवारी सावरत, ओटीचं ताट मांडीवर घेऊन मागच्या सीटवर राणीसाहेबांच्या जागी बसल्या. शेजारी मामा. नंदूने मनात म्हटलं, आता बघा, आणि गुडघ्याशी असलेलं बटण दाबलं.

चुक् चुक् चुक् चुक्.

मावशी होत्या तशा ताटासकट खाली उतरल्या.

"पाल चुकचुकली," त्या म्हणाल्या. "निघताना चुकचुकली. आज जायचं नाही."

"मावशी, पाल नाही ती. पंप आहे."

"कुठे आहे?"

"तुझ्या सीटखाली."

"म्हणजे माझ्या बुडाखाली पाल बसवलीस?"

"मशीन आहे गं ते. पितळी."

"पितळी असो नाहीतर सोन्याची, चुकचुकली की नाही? चुकचुकली. मग झालं."

ह्या तर्कात नंदूला कुठेही फट सापडेना. मावशी घरात जाऊन पाणी प्यायल्या, आणि मंगळवार संपला. आखाजीच्या आत आता एकच मंगळवार उरला होता. बघायला आलेल्या कौतिकने जाताना गाडीच्या अंगावरून हात फिरवला आणि विहिरीवर ती कुठल्या अंगाला उभी करावी ह्याचा अंदाज घेतला.

मधल्या दिवसांत नंदूने पंप मामांच्या वखारीतल्या कापसात गुंडाळून पाहिला. आवाज गेला नाही. पाल दुलईत शिरल्यासारखा आला. पेटीखाली रबर घातलं, तर आवाज सीटमधून वर येण्याऐवजी दारातून येऊ लागला आणि मामींना वाटलं, दोन झाल्या. शेवटी नंदूने ठरवलं, की आवाज मिटत नाही तर अर्थ मिटवावा. तो अनंत गुरुजींकडे गेला. गुरुजी राजघाटावर राहत, आणि मावशी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठल्या दिशेला चुकचुकली?"

"मागे."

"गाडीचं तोंड कुठे होतं?"

"दक्षिणेला. इच्छापूरकडे."

"म्हणजे पाल उत्तरेला. उत्तरेची पाल चांगली. पण शहापूरच्या अलीकडे रस्ता वळतो."

"हो, पूर्वेला."

"मग पाल पश्चिमेला गेली. पश्चिमेची कलह लावते. पुढे रस्ता पुन्हा सरळ होतो, तेव्हा कलह मिटेल." गुरुजींनी डोळे मिटून रस्ता आठवला. "पण मुळात प्रश्न वेगळा आहे, नंदकुमार. शास्त्रात पाल भिंतीवर असते, आढ्याला असते, अंगावर पडते. ती बसणाऱ्याच्या बुडाखाली असेल, हा विचार ऋषींनी केलेला नाही."

"मग?"

"मग असं, की निघताना पाल चुकचुकली तर थांबावं, का? ती घरात राहते आणि आपण जातो, म्हणून. मागे राहणाऱ्याचा तो इशारा. ही तुमची पाल मागे राहतच नाही. ती सोबत येते. सोबत येणाऱ्याचा अपशकुन कसा होईल? स्वतःलाच होईल तो."

नंदूने वाकून नमस्कार केला.

"मात्र," गुरुजी म्हणाले, "बोलताना पाल चुकचुकली तर बोलणं खरं, हे सगळीकडे लागू. भिंत असो, बूड असो."

हे शेवटचं वाक्य नंदूने फारसं ऐकलं नाही. गुरुजी संध्याकाळी घरी येऊन हे सगळं मावशींना सांगून गेले, तेव्हा त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

दुसऱ्या मंगळवारी ऊन असं पडलं होतं, की कावळेसुद्धा चालत होते. पुढे नंदूशेजारी कौतिक येऊन बसला. मांडीवर एक मोठा पाना आणि दोराचं वेटोळं.

"हे कशाला?"

"गाडी थांबली तर पुन्हा घरी जाऊन आनायला नको," कौतिक म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

नंदूने बटण दाबलं. चुक् चुक् चुक्. मावशींनी कान दिला, मान हलवली आणि सीटवर हलकी टिचकी मारली. "ये बाई सोबत," त्या म्हणाल्या. गाडी निघाली.

तापीच्या रपट्यावर, त्या बुटक्या फरशीपुलावर, पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडचा चढ आला. हा चढ गाडीने उन्हात आजवर एकदाही पार केला नव्हता. इंजिनाचा आवाज जड झाला, झाकणावरची हवा उन्हाने थरथरू लागली, कौतिकने पाना हातात घेतला. आणि मागून जोडपंप बोलू लागला. चुक् चुक् चुक् चुक्, न थकता. नळीतली वाफ पुढे रेटत त्याने वाटी भरती ठेवली. गाडी चढाच्या माथ्यावर आली तेव्हा नंदूने भोंगा वाजवला. शेतातला एक म्हातारा पागोटं सावरून उभा राहिला. कौतिकने पाना पुन्हा मांडीवर ठेवला.

"चढली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं दुःख आणि थोडं कौतुक होतं.

सपाट रस्ता लागला. नंदूने वेग कमी ठेवला, वाटी भरलेली, पाल गप्प.

"आता देवीसमोर उभं राहायचं," मावशी मागे म्हणाल्या. "मी माझी ओटी आणलीय. मोतीलाल, तूही तुझा नवस पाळलायस. तंबाखू सोडून वर्ष होईल ना रे?"

"होईल," मामा म्हणाले. "जिजी, तुला सांगतो, आता आठवणसुद्धा येत नाही."

 मावशी थांबल्या. मामाही थांबले, आपण का थांबलो ते न कळून. इंजिन चालू होतं, चाकं चालू होती, सीटखालून काहीही आलं नाही.

"बोलली नाही," मावशी म्हणाल्या.

"कोण?"

"पुन्हा बोल. सावकाश बोल."

"मी तंबाखूला हात लावलेला नाही," मामा म्हणाले. ह्या खेपेला त्यांनी 'जिजी' म्हटलं नाही.

काहीही नाही. नंदूने आरशात पाहिलं. त्याला ठाऊक होतं, वाटी भरली आहे आणि पंपाला काही काम नाही. हे सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की मामा उजवा हात कोटाच्या खिशावर ठेवून बसले आहेत. त्याने तोंड मिटलं.

मावशींनी मामांचा हात बाजूला केला आणि खिशातून तंबाखूची डबी काढली. चुन्याचा कप्पाही ओला होता. त्यांनी ती उघडून बाहेर झटकली आणि मिटून ओटीच्या ताटात, नारळाशेजारी ठेवली.

"देवीला दाखवते," त्या म्हणाल्या.

ह्याच वेळी शहापूरच्या अलीकडचं वळण आलं, रस्ता पूर्वेला वळला आणि पाल पश्चिमेला गेली. गुरुजींनी सांगितलेला कलह बरोबर तेवढाच वेळ चालला.

इच्छापूरला टेकडीच्या पायथ्याशी लिंबाखाली गाडी उभी राहिली. मावशी वर जाऊन ओटी भरून आल्या. डबीचं वर काय झालं ते मामांनी विचारलं नाही. खाली येईपर्यंत कौतिकने कुणाला तरी सांगितलं होतं, की ह्या गाडीत खरं सांगणारी पाल आहे. त्यामुळे गाडीभोवती बायका जमल्या होत्या. नंदूने इंजिन बंद केलं होतं. तो पंपाचं बटणही बंद करणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तिला झोपवू नकोस. लांबून आल्यात बिचाऱ्या."

"मावशी, बॅटरी खाईल ती."

"खाऊ दे. दुसरं काय खाते?"

 ह्याचं उत्तर खरं तर समोर गळत होतं: वाटीच्या सुईतून थेंब थेंब. एवढं गळालं की पंप एकदा चुक् करी आणि तेवढं भरून काढी. मग पुन्हा गप्प. पण टाकीत त्याने सकाळी जाण्यायेण्यापुरतं पेट्रोल घातलं होतं, आणि नंदूला कशाचीच शंका येत नसे.

मावशी दार उघडं ठेवून पडद्याआड बसल्या. बायका एकेक पुढे येत.

"सून नांदेल का?"

चुक्.

"जावई भाताचं बियाणं परत केलं म्हणतो, ते खरं?"

गप्प.

"मला वाटलंच होतं," ती बाई म्हणाली आणि घराकडे चालू लागली. चाल बघून वाटलं, जावई घरीच असावा.

शेवटी कौतिकलाही राहवेना. पाना काखेत मारून तो दाराशी आला, डोक्यावरची टोपी काढली.

"मायबाई, माह्या विहिरीवर इंजिन बसवलं, तर केळीला पुरेल येवढं पानी निघेल का?"

सगळे थांबले. नंदू पुढे बसून होता, बटणाला हात लागेल एवढ्या अंतरावर. बटण एकदा बंद करून चालू केलं तर कदाचित चुक् होईल, कदाचित नाही. पण पालीच्या कामात ढवळाढवळ करायचं त्याच्या मनात आलं नाही. तोही ऐकत होता.

पाल गप्प राहिली. खूप वेळ.

"नाही म्हन्ते," कौतिक म्हणाला. त्याने टोपी घातली. "मला पन तेच वाटत होतं. वैशाखात तळाला बेडूक दिसतो. आधी विहीर खनायला पायजे." मग न्यायाची बाजू म्हणून तो नंदूकडे वळला. "पन सौदा सौदा आहे, नंदूभाऊ. गाडी थांबली तर नेनार. विहीर खनेपर्यंत कोंबड्या ठेवीन."

परतीची वाट. ऊन उतरत होतं, गाडी सुरेख चालत होती, शहापूर मागे पडलं. मामा खिडकीबाहेर बघत रिकाम्या खिशावरून हात फिरवत होते. नंदूने शीळ धरली. तापीपलीकडे बुऱ्हाणपूरचा तट दिसला आणि त्याने मनातल्या मनात गाडीला नवा रंगही देऊन टाकला.

तेव्हा मागून आवाज आला. चुक्. चुक् चुक्. चुक्चुक्चुक्चुक्चुक्.

सपाट रस्ता, मंद वेग, आणि पाल अशी बोलत होती, जशी आजवर बोलली नव्हती. नंदूची शीळ थांबली. वाटी भरतच नाही, म्हणजे पंप पेट्रोल ढकलत नाही, हवा ढकलतोय. म्हणजे टाकी रिकामी. इच्छापूरच्या लिंबाखाली सुनांच्या आणि जावयांच्या पायी सगळं पेट्रोल थेंबाथेंबाने जमिनीत गेलं. आता वाटीत आहे तेवढंच. आता गाडी थांबणार, आणि आपणहून थांबणार.

त्याच्या मनाच्या भिंतीवर, जन्मात पहिल्यांदाच, काहीतरी सरकलं.

"आता कशाला हो म्हणतेय ही?" मामा म्हणाले. "कुणी काही बोललंच नाही."

इंजिनाने एक आचका दिला. कौतिकने पाना उचलला.

"नंदू," मावशी मागून म्हणाल्या, "थांबव गाडी."

नंदूने आयुष्यात कुणाचं इतक्या चटकन ऐकलं नव्हतं. त्याने ब्रेक दाबला. गाडी बाभळीच्या सावलीत उभी राहिली. इंजिन अजून कसंबसं चालू होतं. त्याने ते बंद केलं. पंप मात्र चालूच होता, चुक्चुक्चुक्चुक्.

"थांबली," मामा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला. "कौतिक, थांबली बघ गाडी. काढ ते इंजिन."

"थांबली नाही," मावशी म्हणाल्या. "मी थांबवली."

"जिजी, अगं..."

"पाल चुकचुकली की थांबायचं, ही आपल्या घराची रीत. निघताना एकदा चुकचुकली तर मी अख्खा मंगळवार घरी बसले. आता एवढी बोलतेय बिचारी, आणि तशीच पुढे जाऊ? तू काय म्हणाला होतास? आपणहून थांबली तर. आपणहून म्हणाला होतास ना?"

मामांनी तोंड उघडलं. सीटखाली पाल नुसती तडतडत होती. ते कशालाही हो म्हणाले असते तरी खरं ठरलं असतं, आणि नाही म्हणाले असते तरी. डबी नसल्याने त्यांना विचारही नीट करता येईना.

"म्हणालो होतो," ते म्हणाले.

कौतिकने पाना दोराच्या वेटोळ्यात नीट खोचून ठेवला.

"शेठ, रीत म्हनल्यावर मग काय," तो म्हणाला. "कोंबड्यांना तसंही मखमल सोसलं नसतं."

मावशी पुढे वाकल्या आणि नंदूच्या खांद्यावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "आणि हे बघ. पाल तहानलीय. नदीपलीकडे शहरात मोटारवाल्याकडे पेट्रोलचा डबा असतो. कौतिकला घेऊन जा आणि घेऊन ये."

नंदू वळून बघत राहिला. मावशींच्या चेहऱ्यावर देवीचं कुंकू होतं आणि बाकी काहीही नव्हतं.

"मावशी," त्याने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार? मी जुन्या वळणाची बाई. मला मशीनमधलं काही म्हणजे काही कळत नाही."

नेमकं त्याच क्षणी बॅटरी वाचवावी म्हणून नंदूच्या हाताने बटण बंद केलं.

पाल गप्प झाली.

 मामांनी सावकाश मान वळवून बहिणीकडे पाहिलं. कौतिकने पाहिलं. नंदू तर पाहतच होता.

मावशींनी पदर नीट केला, हात लांब केला, आणि राणीसाहेबांचा मखमली पडदा ओढून घेतला.